चंद्राच्या मातीची पारख

गावात नवी विहीर खणायला घेतली, की पहिले चारसहा हात माती लागते, मग मुरूम लागतो, आणि त्याच्याखाली केव्हातरी पहार खणकन वाजते. कातळ लागला! आता हा कातळ कसला, सहज फुटणारा की घणाला दाद न देणारा, हे ठरवायचे असते. जाणता पाथरवट अशा वेळी वरवर पाहून काही बोलत नाही. दगडाचा एक कोपरा तो घणाने उडवतो, आणि आतला ताजा भाग उन्हात धरून पाहतो. कारण दगडाच्या वरच्या रंगावर विश्वास ठेवायचा नसतो, हे त्याला पक्के ठाऊक असते. ऊन, पाऊस आणि हवा यांनी दगडावर एक साल चढवलेली असते. आत काळाभोर असलेला दगड बाहेरून तांबूस, भुरकट दिसतो.

वाचकहो, चंद्रावरच्या दगडांची पारख करू पाहणाऱ्या शास्त्रज्ञांपुढे हीच अडचण होती. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर. तिथे घण चालवणार कोण? १९६९ ते १९७२ या काळात अपोलो यानांतून गेलेल्या अमेरिकन अंतराळवीरांनी सहा ठिकाणांहून ३८२ किलो दगडमाती आणली. सोव्हिएत रशियाच्या तीन ल्यूना यानांनी १९७० ते १९७६ या काळात आणखी सुमारे ३०० ग्रॅम आणली. सहा आणि तीन, नऊ ठिकाणे झाली. आणि चंद्राचा मुलूख किती? आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया ही दोन खंडे शेजारी शेजारी मांडली, तर जेवढी जमीन होईल जवळजवळ तेवढा! नऊ जागची मूठमूठ माती पाहून एवढ्या मुलखाचा सातबारा कसा लिहायचा?

मग उरतो एकच मार्ग. चंद्रावर पडून परत येणारा उजेड पकडायचा आणि त्यालाच विचारायचे, बाबा रे, तू कसल्या दगडावर पडला होतास?

हा उजेड वाचण्याच्या विद्येत ज्यांनी आयुष्य घातले, त्यांत कार्ले पीटर्स या अमेरिकन विदुषींचे नाव मोठे आहे. शिक्षक मंडळींना ऐकून बरे वाटेल, की पीटर्सबाई मूळच्या शाळामास्तरीण. १९६६ साली गणिताची पदवी घेतल्यावर त्यांनी एका माध्यमिक शाळेत गणित शिकवले, आणि १९६७ ते १९६९ अशी दोन वर्षे मलेशियातल्या सारावाक प्रांतात जाऊन तिथल्या मुलांना विज्ञान शिकवले. माणसाने चंद्रावर पाऊल ठेवले तेही १९६९ सालीच. त्यानंतर बाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या नामांकित संस्थेत नव्याने अभ्यास करून १९७७ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली, आणि १९८० पासून त्या ब्राउन विद्यापीठात शिकवू लागल्या. हातचा खडू काही सुटला नाही म्हणायचा!

आता ही उजेडाची विद्या आहे तरी काय, ते पाहू.

पांढरा उजेड एकाच रंगाचा नसतो, हे लोलकातून आपण पाहिलेले आहे. ती निरनिराळ्या रंगांची एक जुडी असते. ही जुडी दगडावर पडली, की दगड तिच्यातल्या काही काड्या ठेवून घेतो आणि बाकीच्या परत करतो. कोकणातला जांभा तांबडा का दिसतो? त्याच्यात गंजलेले लोखंड असते, आणि ते निळाहिरवा उजेड गिळून टाकते. तांबडा तेवढा आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. शेतकरी जमिनीचा रंग पाहून तिची जात सांगतो, तेव्हा तोही न कळत हेच शास्त्र वापरत असतो.

पण आपल्या डोळ्यांची धाव फार थोडी. तांबड्या रंगाच्या पलीकडेही उजेड असतो, त्याला अवरक्त किरण म्हणतात. टेलिव्हिजनच्या रिमोटमधून निघतो तो याच जातीचा. आपल्याला दिसत नाही, पण टेलिव्हिजनला दिसतो. दगड ओळखण्याच्या बऱ्याचशा खुणा नेमक्या या न दिसणाऱ्या उजेडात असतात. किरणांची लांबी मोजायचे माप म्हणजे मायक्रॉन, एका मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्याला दिसतो तो उजेड ०.४ पासून ०.७ मायक्रॉनपर्यंतचा. पायरॉक्सीन नावाचे एक खनिज आहे, ते एक मायक्रॉनच्या आसपास आणि पुन्हा दोन मायक्रॉनच्या आसपास उजेड गिळते. ऑलिव्हीन नावाचे हिरवट खनिज एक मायक्रॉनपाशी पसरट डल्ला मारते, पण दोनपाशी हात लावत नाही. फेल्डस्पार हे फिकट खनिज बहुतेक सगळा उजेड प्रामाणिकपणे परत करते. उजेडाचा आलेख काढला, तर गिळलेल्या जागी खड्डा पडलेला दिसतो. कुठे किती खोल आणि किती रुंद खड्डा आहे, हे पाहिले की खनिजाचे नाव सांगता येते.

खड्डा पाडतो कोण? बहुतेक वेळा लोखंडाचा अणू. तो स्फटिकात ज्या घरात बसलेला असेल, त्या घराच्या आकारावर तो कोणता उजेड गिळणार हे ठरते. पायरॉक्सीनमधले घर वेगळे, ऑलिव्हीनमधले वेगळे. चोर एकच, पण कोणत्या वाड्यात राहतो त्याप्रमाणे त्याच्या खोड्या बदलतात, असे समजा ना!

जॉन अ‍ॅडम्स या भूशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत खनिजे कुटून त्यांचे असे आलेख काढले, आणि टॉमस मॅककॉर्ड या खगोलशास्त्रज्ञाने दुर्बिणीला उपकरण जोडून आकाशातल्या गोलांचे काढले. १९७० साली या दोघांनी टॉरेन्स जॉन्सन यांच्यासह वेस्टा नावाच्या लघुग्रहाचा आलेख एका विशिष्ट जातीच्या अशनीशी, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडाशी, जुळवून दाखवला. पीटर्सबाई या मॅककॉर्ड यांच्याच शिष्या.

चंद्राकडे नुसते पाहिले तरी त्याच्यावर काळे डाग आणि उजळ भाग दिसतात. आपण डागांत ससा किंवा हरीण पाहतो; पाश्चात्त्यांनी त्यांना समुद्र म्हटले. तिथे पाण्याचा थेंब नाही. तो थिजलेला लाव्हारस आहे, बेसाल्ट. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण त्याच जातीचा. त्यातही पायरॉक्सीन आणि फेल्डस्पारच आहेत. फरक वयाचा आणि पाण्याचा. आपला कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, चंद्रावरचा बहुतेक ३०० कोटी वर्षांहून जुना. आणि आपल्याकडे हवापाण्याने दगड कुजून काळी जमीन झाली, मुरूम झाला, जांभा झाला. चंद्रावर हवा नाही, पाणी नाही, गंज नाही.

उजळ भाग मात्र निराळ्या दगडाचा आहे, त्याचे नाव अ‍ॅनॉर्थोसाइट. तो जवळजवळ सगळा फेल्डस्पारचा. हा कुठून आला? गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला हे सांगायला वेळ लागत नाही. काहिलीत रस उकळू लागला की मळी वर तरंगते. चंद्र जन्मला तेव्हा त्याचा वरचा थर शेकडो किलोमीटर खोलपर्यंत वितळलेल्या दगडाचा होता, असे शास्त्रज्ञ मानतात. तो निवू लागला तेव्हा हलका फेल्डस्पार मळीसारखा वर आला आणि त्याचे कवच झाले. ऑलिव्हीन आणि पायरॉक्सीन ही जड खनिजे खाली बसली. हे खरे असेल, तर वरती ऑलिव्हीन दिसणे म्हणजे तळचे काहीतरी वर उपसून आले असा अर्थ होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा.

जाता जाता आपल्या घरचे एक सांगतो. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर हे आकाशातून पडलेल्या दगडाच्या आघाताने झालेले विवर आहे, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे, आणि ते बेसाल्टात खणले गेलेले आहे. पृथ्वीवर बेसाल्टातले आणि इतके नीट राहिलेले आघातविवर फार दुर्मीळ. चंद्राच्या काळ्या भागात बेसाल्टावर अशीच विवरे आहेत. म्हणून १९७३ साली अमेरिकन आणि भारतीय शास्त्रज्ञांनी मिळून लोणारची काच आणि आघाताने बदललेले दगड तपासले, आणि चंद्रावरच्या नमुन्यांशी ताडून पाहिले. शाळेची सहल तिकडे नेणाऱ्या गुरुजींनी मुलांना दैत्यसूदनाच्या मंदिराबरोबर एवढेही सांगावे.

तर पीटर्सबाईंनी दुर्बिणीतून चंद्राचे तुकडे तुकडे वाचायला घेतले. एक मोठी सोय चंद्रानेच करून ठेवली आहे. आपला घण तिथे पोचत नाही, पण निसर्गाचा पोचतो. मोठा अशनी आदळला की खोल विवर पडते, आतला ताजा दगड उघडा होतो, आणि विवर फार मोठे असेल तर मधोमध डोंगर वर उसळतो. पाण्यात दगड टाकल्यावर मध्ये थेंब उसळी मारतो ना, तसाच. फक्त हा थेंब वरच्या वर थिजून बसतो. कोपर्निकस नावाचे सुमारे ९३ किलोमीटर रुंदीचे एक विवर आहे. त्याच्या मधल्या डोंगरांचा उजेड पाहिला, तेव्हा बाईंना अपेक्षित खड्डे दिसले नाहीत. दिसला तो एकच, एक मायक्रॉनपाशी, पसरट. ऑलिव्हीन! काहिलीच्या तळाचा जड माल काही किलोमीटर खोलीवरून वर येऊन बसला होता. १९८२ साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. पृथ्वीवर बसून, दगडाला बोट न लावता, चंद्राच्या पोटातली गोष्ट कळली.

पण इथेच पाथरवटाची ती जुनी शंका आडवी येते. ताज्या डोंगराचे ठीक. चंद्राचा बाकीचा सगळा मुलूख तर धुळीने झाकलेला आहे, आणि धूळ काय सांगते?

अपोलोने आणलेल्या दगडांचे तुकडे प्रयोगशाळेत कुटून त्यांचा उजेड मोजला, तेव्हा आलेखात खड्डे स्वच्छ दिसले. त्याच जागची, त्याच दगडाची नैसर्गिक माती मोजली, तर आलेख ओळखू येईना. माती जास्त काळवंडलेली, जास्त तांबूस, आणि खड्डे जवळजवळ बुजलेले. घरात दळलेले ज्वारीचे पीठ पांढरे आणि शेतात आपोआप झालेले पीठ काळे, असा हा चमत्कार! पृथ्वीवर असते तर गंजावर आळ घेता आला असता. चंद्रावर गंज चढायला ना हवा, ना पाणी. मग मातीला काजळी कोणी फासली?

हा नुसता विद्वानांचा वाद नव्हता. साऱ्या चंद्राचा आणि असंख्य लघुग्रहांचा सातबारा या उजेडावरून लिहायचा होता. धूळ जर खोटे बोलत असेल, तर लिहिलेले सगळेच संशयात. आणि तसा संशय घ्यायला जागाही होती. पृथ्वीवर जे अशनी पडतात, त्यांत सगळ्यांत जास्त भरणा असतो तो एका साध्या जातीच्या दगडी अशनींचा. हे आले कुठून म्हणून आकाशात शोधावे, तर त्यांच्याशी हुबेहूब जुळणारा उजेड देणारे लघुग्रह हाती लागत नव्हते. जे सापडत होते ते सगळे थोडे जास्त तांबूस, थोडे जास्त काळवंडलेले. बाजारात माल ढीगभर, पण तो पिकवणारे शेत कुठेच नाही!

पहिला तर्क असा होता, की लहानमोठे अशनी आदळून माती वितळते, तिची काळी काच होते, आणि ती काच माती काळी करते. ऐकायला बरोबर वाटते. ब्रूस हॅपके या शास्त्रज्ञाने १९७५ च्या सुमारास दुसरेच सांगितले. त्यांचे म्हणणे असे, की अशनींच्या आणि सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या माऱ्याने दगडाची वाफ होते, ती वाफ शेजारच्या कणांवर पुन्हा बसते, आणि तिच्यात शुद्ध लोखंडाचे अतिसूक्ष्म ठिपके असतात. काजळी आहे ती या ठिपक्यांची. पण असा लेप कोणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, आणि बरीच वर्षे या म्हणण्याकडे फारसे कोणी वळले नाही.

कोडे सुटायला १९९३ साल उजाडले. लिंडसे केलर आणि डेव्हिड मॅके यांनी चंद्राच्या मातीचे कण बलाढ्य इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरले, आणि तो लेप दिसला. कणाभोवती मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी पातळ साय, आणि तिच्यात लोखंडाचे ठिपके. एकेक ठिपका मिलिमीटरच्या दहा लाख भागांतले जेमतेम पाचदहा भाग! त्याच सुमारास पीटर्सबाईंनी माती चाळून तिचे जाड, मध्यम, बारीक असे भाग पाडले आणि प्रत्येकाचा उजेड वेगळा मोजला. मातीच्या एकूण रंगावर हुकूम चालतो तो सर्वांत बारीक धुळीचा, असे दिसून आले. हे बरोबर जुळते. कण जितका बारीक तितका त्याचा पृष्ठभाग जास्त, आणि लेप तर पृष्ठभागावरच बसतो. पुढे लॅरी टेलर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी या मातीची कणाकणाने तपासणी केली, आणि २००० साली सगळा हिशेब एकत्र मांडला.

गंमत पाहा. आपल्या जमिनीला रंग येतो तो लोखंडाला प्राणवायू मिळून. चंद्राच्या जमिनीला रंग येतो तो लोखंडाचा प्राणवायू सुटून. काजळीचा नियम कळल्यावर ती हिशेबातून वजा करता येऊ लागली. हरवलेले शेतही सापडले. जपानच्या हायाबुसा यानाने इटोकावा या लघुग्रहावरची धूळ २०१० साली पृथ्वीवर आणली. कण अगदी थोडे, पण त्यांवर तसाच लोखंडाचा लेप होता आणि आत तोच साध्या जातीचा अशनी.

आता पाण्याकडे वळतो. यात आपल्या देशाचा वाटा आहे.

२२ ऑक्टोबर २००८ रोजी श्रीहरिकोटा येथून चांद्रयान-१ निघाले. त्याच्यावर अकरा उपकरणे होती. पाच आपली, सहा परदेशी पाहुण्यांची. पाहुण्यांपैकी एक होते चंद्राची खनिजे टिपणारा वर्णपटमापक, ‘मून मिनरॉलॉजी मॅपर’, आणि त्याच्या प्रमुख होत्या पीटर्सबाई. ते ०.४३ पासून ३ मायक्रॉनपर्यंतचा उजेड टिपत असे, आणि नेहमीच्या पाहणीत त्याचे ८५ भाग पाडत असे. आपला डोळा तीन रंगांवर भागवतो. हे यंत्र पंच्याऐंशी! काम अर्थातच खनिजांचा नकाशा करण्याचे होते. पाणी शोधायला कोणी निघाले नव्हते. चंद्र कोरडा ठणठणीत आहे, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य होते. अपोलोच्या नमुन्यांत कधी ओलाव्याची खूण दिसलीच, तर पेटीची झाकणे नीट बसली नव्हती, पृथ्वीची दमट हवा आत शिरली असेल, असे म्हणून सोडून दिले जाई.

नोंदी येऊ लागल्या, आणि आलेखाच्या अगदी टोकाला, २.८ ते ३ मायक्रॉनच्या दरम्यान, खड्डा दिसू लागला. या जागी उजेड गिळणारे कोण, ते साऱ्यांना ठाऊक होते. पाणी, किंवा पाण्याचा धाकटा भाऊ हायड्रॉक्सिल, म्हणजे एक हायड्रोजन आणि एक प्राणवायू यांची जोडी.

दुसरा कोणी असता तर दुसऱ्याच दिवशी डंका पिटला असता. या मंडळींना पहिला संशय आला तो स्वतःच्या यंत्राचा. खड्डा नेमका यंत्राच्या पल्ल्याच्या कडेला होता, आणि कडेलाच चूक होण्याचा संभव जास्त. शिवाय त्या भागात तापलेल्या जमिनीची स्वतःची उष्णताही उजेडात मिसळते. महिनेच्या महिने त्यांनी यंत्राची चूक शोधण्यात घालवले. चूक सापडेना, आणि खड्डा बुजेना.

मग साक्षीदार शोधले. कॅसिनी हे यान शनीकडे जाताना ऑगस्ट १९९९ मध्ये चंद्राजवळून गेले होते, तेव्हाच्या नोंदी रॉजर क्लार्क यांनी उकरून पाहिल्या. तिथेही तोच खड्डा. डीप इम्पॅक्ट हे दुसरे यान एका धूमकेतूच्या वाटेवर होते. त्याचे उपकरण तीन मायक्रॉनच्या बरेच पलीकडे पाहू शकत होते. जून २००९ मध्ये त्याचा रोख चंद्राकडे वळवला, आणि जेसिका सनशाइन यांनी त्या नोंदी वाचल्या. पुन्हा तोच खड्डा. तीन याने, तीन यंत्रे, आणि साक्ष एक. सप्टेंबर २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तिन्ही लेख एकत्र प्रसिद्ध झाले. पीटर्सबाईंच्या लेखावर त्यांच्या नावानंतर लगेच नाव आहे ते अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील जितेंद्रनाथ गोस्वामी यांचे. चांद्रयान-१ चे ते प्रमुख वैज्ञानिक होते. चुटपुट एवढीच, की चांद्रयानाशी असलेला संपर्क त्याआधीच, २९ ऑगस्ट २००९ रोजी, तुटला होता.

पाणी म्हणजे तळे किंवा झरा नव्हे, बरे का! ओलावा सगळ्यांत वरच्या पातळ थरातला, आणि तोही बहुधा असा तयार होतो: सूर्याकडून हायड्रोजनचे कण अखंड येत असतात, ते दगडावर आदळतात, आणि दगडातल्या प्राणवायूला चिकटतात. म्हणजे मातीला काजळी फासणारा सूर्यच तिला थोडे दवही देतो! यातले खरे पाणी किती आणि हायड्रॉक्सिल किती, यावर पुढे पुष्कळ वाद झाला, कारण तीन मायक्रॉनपाशी दोघे सारखेच दिसतात. विमानात बसवलेल्या सोफिया या दुर्बिणीने सहा मायक्रॉनपाशी पाहिले, तेव्हा क्लॅव्हियस विवराच्या भागात खरे पाणी असल्याचे २०२० साली जाहीर झाले. त्याआधी २०१८ साली शुआय ली आणि सहकाऱ्यांनी चांद्रयान-१ च्या याच नोंदी पुन्हा चाळून, ध्रुवांपाशी जिथे कधीच ऊन पोचत नाही अशा काळोख्या विवरांत उघडे बर्फ असल्याचा पुरावा काढला. यान मुके होऊन नऊ वर्षे झाली होती, तरी वही वाचून संपली नव्हती.

त्याच वहीत आणखी एक नवल निघाले. चंद्राच्या पाठीमागच्या बाजूला, मॉस्कोव्हिएन्स नावाच्या विशाल खोलगट भागात, एका जागी खड्डा फक्त दोन मायक्रॉनपाशी होता, एकपाशी अजिबात नाही. अशी खोडी स्पिनेल नावाच्या खनिजाची. याची गुलाबी जात रत्न म्हणूनही वापरतात. अशा स्पिनेलने भरलेला दगड चंद्रावर सापडेल, असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

आणि आता थोडे वेस्टाविषयी, कारण तिथे बाईंनाही ठेच लागली, किंवा निसर्गाने लावली म्हणा. वेस्टाचा उजेड १९७० साली अशनीशी जुळवला होता हे वर सांगितलेच. त्या जातीचा एक दगड २० जून १९९६ रोजी राजस्थानात पिपलिया कलाँ या गावी पडला होता. २०११ साली डॉन नावाचे यान वेस्टाभोवती फिरू लागले, आणि दुर्बिणीतून बांधलेला तर्क खरा ठरला. पण मग प्रश्न आला, वेस्टाच्या धुळीवर चंद्रासारखी लोखंडाची काजळी का नाही? तिथेही अशनी आदळतात, सूर्याचे कण येतात. तरीही लेपाच्या खुणा दिसेनात. वेस्टाची माती काळवंडते ती दुसऱ्याच रीतीने: बाहेरून पडलेला कोळशासारखा काळा माल तिच्यात मिसळतो, आणि पुन्हा पुन्हा वरखाली होऊन एकजीव होतो. पीटर्सबाईंनीच सहकाऱ्यांसह २०१२ साली हे मांडले. चंद्रावर वीस वर्षे घालून बसवलेला नियम वेस्टाला लागू नाही, हे त्यांना स्वतःच्याच लेखणीने लिहावे लागले.

दूरून ओळखलेला दगड जवळ जाऊन तपासायची पाळी पुढे आपल्याकडेच आली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे विक्रम हे अवतरक चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरले, आणि त्यातून प्रज्ञान ही छोटी गाडी बाहेर पडली. तिच्यावर अहमदाबादच्याच प्रयोगशाळेने केलेले एक उपकरण होते. ते मातीच्या जवळ धरले, की माती कोणत्या मूलद्रव्यांची आहे ते कळते. १०३ मीटरच्या वाटचालीत २३ वेळा माती तपासली. निकाल २०२४ साली प्रसिद्ध झाला: जमीन अ‍ॅनॉर्थोसाइटची, काहिलीवर तरंगलेल्या मळीची. शिवाय त्यात खोलवरून उपसून आलेल्या जड मालाचीही भेसळ आढळली. अपोलो किंवा ल्यूना या भागात कधी उतरली नव्हती.

हे सगळे वाचून चंद्राकडे पाहावेसे वाटले, तर येत्या पौर्णिमेला पाहा. शाळेत साधी द्विनेत्री दुर्बीण असेल तर उत्तम. चंद्राच्या दक्षिण भागात एक तेजस्वी ठिपका दिसेल, आणि त्याच्यापासून चहूकडे निघालेले पांढरे पट्टे. फुटलेल्या नारळाचे पाणी फरशीवर उडावे तसे. ते टायको विवर, सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे चंद्राच्या मानाने कालपरवाचे. पट्टे पांढरे आहेत कारण ती ताजी कुटलेली माती आहे, तिच्यावर काजळी अजून पुरती बसलेली नाही. मग काळ्या डागांमध्ये कोपर्निकस शोधा. त्याचे वय साधारण ८० कोटी वर्षे. त्याचेही पट्टे दिसतात, पण टायकोच्या मानाने मळलेले. बाकीची बहुतेक विवरे पौर्णिमेच्या उजेडात दिसतच नाहीत. त्यांची माती केव्हाच काळवंडून भोवतालच्या जमिनीत मिसळून गेली आहे. मुलांना दोन्ही विवरे दाखवा, आणि यातले जुने कोणते ते त्यांनाच रंगावरून सांगू द्या.